विषय: बिल्बोचा वाढदिवस, १९ सप्टेंबरला हॉल मिळेल का?

प्रेषक: वाचनालय
मंडळी, बुकिंग या आठवड्यात पक्कं करायचंय. टॉल्किनच्या कादंबऱ्यांतले बिल्बो आणि फ्रोडो हे हॉबिट, म्हणजे बुटके लोक; दोघांचाही वाढदिवस २२ सप्टेंबरला, यंदा मंगळवारी आणि ऐन गणपतीत. मुलांची बिल्बोच्या गोष्टीच्या, ‘हॉबिट’ कादंबरीच्या वाचनाची तयारी झालीय. शनिवारी १९ ला आरतीआधी तासभर द्याल का?

प्रेषक: गणेशोत्सव समिती
ताई, १९ ला दुपारी अथर्वशीर्ष, मग महाप्रसाद. सकाळपासून पानं मांडायची असतात. नाटकाच्या तालमीच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. टॉल्किनचा स्वतःचा जन्मदिवस ३ जानेवारी ना? २०२७ मध्ये रविवारच येतोय. तेव्हा घ्या.

प्रेषक: महिला विभाग
३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती. ती तारीख दरवर्षी आमची असते, परस्पर देऊ नये. टॉल्किनचे चाहते त्या दिवशी रात्री नऊला त्याच्या नावानं पेला उंचावतात, ते ज्यानं त्यानं घरी करावं. मात्र त्याची आई मेबल हिच्यावर कोणी बोलणार असेल तर पंधरा मिनिटं देऊ. नवरा १८९६ मध्ये गेला, दोन मुलं पदरात, तरी तिनं पोराला लॅटिन घरीच शिकवलं. १९०४ मध्ये मधुमेहानं गेली, तेव्हा इन्सुलिन नव्हतं. शिकवणाऱ्या बाईला आमच्या व्यासपीठावर जागा आहे.

प्रेषक: पंचांगवाले काका
मुळात २२ तारीखच तपासा. शायर, म्हणजे हॉबिटांचा मुलूख, तिथले बाराही महिने ३० दिवसांचे, आणि यूल या हिवाळी सणाचे दोन नि लिथ या उन्हाळी सणाचे तीन दिवस कुठल्याच महिन्यात नाहीत. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टात टॉल्किन सांगतो की आपला १ जानेवारी म्हणजे साधारण त्यांचा ९ जानेवारी. त्या हिशेबानं हॉबिटांची २२ सप्टेंबर आपल्या १४ ला पडते. यंदा १४ ला गणेश चतुर्थी! अधिक ज्येष्ठ आला म्हणून गणपती इतके पुढे गेले. त्यांच्याकडेही लीप वर्षी ओव्हरलिथ नावाचा जादा दिवस घालतात. कालगणना अशी बारकाईनं रचणारा लेखक मला दुसरा माहीत नाही.

प्रेषक: सोलिहलच्या वहिनी
काका, अधिकाचं म्हणाल तर आम्ही यंदा जावयांना ३३ अनारसे दिले. इथल्या इंग्लंडच्या गारठ्यात तांदूळ तीन दिवस भिजवूनही पीठ नीट आंबत नाही. डबा बॉयलरच्या कपाटात ठेवला, तेव्हा कुठे जाळी पडली. फ्रोडोही कादंबरीतल्या त्या वाढदिवसाच्या मेजवानीला ३३ चाच होतो ना? हॉबिट आपल्या वाढदिवशी दुसऱ्यांना भेटी देतात, ते मला फार आवडतं. मुलांनी एकेक जुनं पुस्तक आणून दुसऱ्याला द्यावं.

प्रेषक: गणेशोत्सव समिती
पुस्तकं चालतील. प्रसादाच्या टेबलावर नकोत.

प्रेषक: वाचनालय
वहिनी, पुस्तकांचं नक्की करू. १४ ला घरोघरी प्रतिष्ठापना, तेव्हा तो दिवस बाद. आणि हॉलही नको. रविवारी २० ला सकाळी दहाला बर्मिंगहॅममधल्या मोझली बॉग या दलदलीच्या रानात जाऊ. १८९६ ते १९०० टॉल्किन शेजारच्या सेरहोलला राहायचा आणि भावाबरोबर तिथंच हुंदडायचा. मुलांना ती झाडं आणि चिखल बघू दे, पहिलं प्रकरण तिथंच वाचू. खजिनदार, आपला विमा बाहेर चालतो का?

प्रेषक: खजिनदार
विमा हॉलपुरताच आहे. बाहेर नेणार असाल तर प्रत्येक मुलामागे एक पालक सोबत हवा, आणि सह्या शुक्रवारपर्यंत.

प्रेषक: वाचनालय
फॉर्म आज रात्री पाठवते. गमबूट आणा.