मदत हवी आहे: प्रज्ञानच्या चाकांचे ठसे कशात उमटतील?

२३ ऑगस्टला, चंद्रयान-३ उतरल्याच्या वर्षदिनी, फोंड्यातल्या आमच्या वाचनालयात मुलांसमोर प्रज्ञान रोव्हरचं, म्हणजे चंद्रावर फिरलेल्या त्या छोट्या गाडीचं, मॉडेल चालवायचंय. दुर्बिणीचा बेत सोडला. ऐन पावसाळ्यात गोव्यात चंद्र दिसला तर नारळच फोडायला हवा! खरा प्रज्ञान २६ किलोचा, आमचा जेमतेम दीड. चाकं सहाच. मागच्या चाकांवर रबरात कोरलेली राजमुद्रा चिकटवलीय, पण ठसा उमटत नाही. बांधकामाची रेती चाळून घेतली. सुकी ढासळते, ओली चाकाला चिकटते. रांगोळी दमट हवेत गोळा झाली. सिमेंट नको, धूळ मुलांच्या नाकात जाईल. ट्रे चार बाय तीन फुटांचा, खर्च हजारापर्यंत. दुपारी उमटवलेले ठसे संध्याकाळी ६.०४ पर्यंत, म्हणजे प्रज्ञानला घेऊन विक्रम लँडर चंद्रावर उतरला त्या वेळेपर्यंत, टिकायला हवेत. ट्रेमध्ये काय पसरू आणि किती जाड?