कारखान्याचे नियम संगणकात कोणी घालायचे: जाणकारानं की प्रोग्रामरनं?

उद्यमबागकर
माझं मत असं, की काम ज्याला कळतं त्यानंच कामाचं मॉडेल, म्हणजे त्याच्या नियमांचा आराखडा, बांधावं. भिंतीवर टांगायचं चित्र नव्हे. संगणकानं तेच वाचून काम चालवलं पाहिजे.

आमच्या बेळगावच्या फाउंड्रीतलं बघा. कास्टिंग मशीनिंगच्या जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, हुबळीला पाठवलं तर ई-वे बिलाला (माल नेताना लागणारी जीएसटीची ऑनलाइन नोंद) ५०,००० रुपयांची मर्यादा. तेच कोल्हापूरजवळच्या शिरोलीला गेलं की राज्य बदललं. माल कितीही कमी किमतीचा असो, बिल लागतंच. डिस्पॅचवाला हे झोपेतही सांगेल. सॉफ्टवेअरवाल्यानं मात्र ‘पन्नास हजार’ एवढंच ऐकलं आणि तेच कोडात घातलं. आता डीएमएनसारखी, म्हणजे निर्णयाचे नियम तक्त्यात लिहायची, मानकं २०१५पासून आहेत. कुठलं राज्य, विक्री की जॉबवर्क, किंमत किती, असे तीन रकाने. डिस्पॅचवाल्यानं ओळी भराव्यात, तक्ता वाचणारं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, तो चालवेल. मध्ये दुभाषी कशाला?

टिळकवाडीचा कोडवाला
हे स्वप्न जुनं आहे. १९५९ साली कोबोल या प्रोग्रामिंगच्या भाषेचं काम सुरू झालं तेव्हाही साहेबलोकांना वाचता येईल अशी भाषा करायची होती. शेवटी ती प्रोग्रामरच लिहीत बसले. अडचण भाषेची नाही, सगळ्या शक्यता आधी सुचण्याची आहे. तुमच्या तक्त्यात शिरोलीहून रिजेक्ट होऊन परत येणारं कास्टिंग कुठल्या ओळीत? आणि दोन ओळी एकदम लागू झाल्या तर कुठली धरायची? ‘पहिली लागू पडेल ती’ असं ठेवलंत तर कोणी वर एक ओळ घुसवली की खालचं सगळं बदललं, तेही गुपचूप.

शहापूरची अकाउंटंट
तुम्ही दोघं एक्सेल विसरलात की! १९७९च्या व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीटपासून हिशेबवाले कोणाला न विचारता चालती मॉडेलं बांधतायत. एका पतसंस्थेत व्याजाची शीट होती. बांधणारे निवृत्त झाले, नंतर कोणीतरी फॉर्म्युल्याच्या खान्यात सरळ आकडा टाइप केला. ऑडिटपर्यंत कोणाला पत्ता नाही. बांधता येतं हो, राखायचं कोणी?

उद्यमबागकर
ताई, म्हणूनच एक्सेल नको म्हणतोय. तक्त्याला ‘एका वेळी एकच ओळ लागू’ अशी अट घातली की चांगली साधनं एकमेकींवर चढणाऱ्या ओळी चालवण्याआधीच दाखवतात. सुटलेल्या शक्यताही. परतीचं कास्टिंग तिथंच सापडेल. वर गेल्या वर्षीची माल पाठवल्याची चलनं त्या तक्त्यातून चालवून बघायची. उत्तर कुठं चुकलं ते डिस्पॅचवालाच सांगेल. कोड दाखवून त्याला हे विचारता येतं का?

टिळकवाडीचा कोडवाला
तक्त्यापुरतं मान्य. खरं अख्खी प्रक्रिया त्याच्या हातात देऊ नका. जॉबवर्कला गेलेला माल १ वर्षात परत यायला हवा. नाही आला तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं कायदा धरतो, म्हणजे कर मागच्या तारखेनं. साचे, जिग, फिक्श्चर यांना ती मुदत नाही. आता मॉडेलमध्ये घड्याळ आलं, मागे जाणारी तारीख आली, अर्ध्यावर असलेली चलनं आली. मधेच नियम बदलला तर ती जुन्या मॉडेलनं चालायची की नव्या? कामाची प्रक्रिया चित्रानं मांडायचं मानक बीपीएमएन २.० २०११मध्ये आलं, त्यात चित्र चालवायचं कसं तेही सांगितलंय. खरं हा निर्णय काही ते घेत नाही. तिथं आमच्यासारखा लागतोच.

मच्छेचे मामा
पोरांनो, मी मोल्डिंगवर आयुष्य काढलंय. सुपरवायझर सगळं भरेल, एक सोडून. हीट, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवायचा माल, कुठल्या पार्टीची आधी लावायची हे मालकाच्या फोनवर ठरतं. तो रकाना कोण भरणार?

उद्यमबागकर
तोही घालायचा, मामा. ‘मालकाचा फोन: होय / नाही’. महिनाअखेर मोजून मालकांना दाखवू.

शहापूरची अकाउंटंट
दाखवायला कोण जाणार, ते आधी ठरवा.