बाथरूममधली चिलटं, रात्रीची झुरळं आणि खालच्यांच्या छतावरचा डाग: आधी कोणाला बोलावू?

स्मिता_नेरुळ
नमस्कार मंडळी. आम्ही नेरुळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन बाथरूम आहेत. रोजच्या बाथरूममध्ये टाईल्सवर केसाळ, काळपट, बदामाच्या आकाराची चिलटं बसलेली असतात. हात मारला की नुसती पावडर होते. दुसरी बाथरूम सासूबाईंची. त्या दिवाळीनंतर पुण्याला दिरांकडे गेल्यात, तेव्हापासून ती बंदच आहे. तिथे रात्री लाइट लावला की मोठाली लालसर झुरळं जाळीपाशी पळताना दिसतात, आणि वास तर विचारूच नका.

पेस्ट कंट्रोल करून घेतलं. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. अ‍ॅसिड टाकलं, उकळतं पाणीही ओततेय. त्यात खालच्या काकूंच्या छतावर ओलीचा डाग आलाय, आमच्या रोजच्या बाथरूमच्या बरोब्बर खाली. त्या म्हणतात बाथरूम फोडा. आमचे हे म्हणतात, आधी किड्यांचं बघू, गळतीचं पावसाळ्यानंतर. या दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध असेल का?

खारघर_सेक्टर१२
जाळीत डांबरगोळ्या टाका. आम्ही तेच करतो.

नळकाका_ठाणे
स्मिताताई, मिस्टरांना सांगा, बहुतेक एकाच दुखण्याची ही दोन टोकं आहेत. आयुष्यभर नौपाडा, कोपरी, वर्तकनगर इथे नळकाम केलं, आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून इथे बसून बोलतो. आणि खारघरवाले, डांबरगोळीने वासावर वास चढतो, त्यापलीकडे काही होताना मी पाहिलं नाही.

सासूबाईंची बाथरूम सोपी आहे, ती आधी उरकू. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्यात, साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभं असायला हवं. तुमचं घर आणि गटार यांच्यामधलं दार म्हणजे तेवढं पाणी. बाथरूम बंद राहिली की ते उडून जातं, मार्च-एप्रिलात तर फारच लवकर. मग चेंबरमध्ये राहणारी मोठी झुरळं पाइप चढून सरळ वर येतात. वासही त्याच वाटेने येतो. तिथे एक बादली पाणी ओता आणि वर चमचा-दोन चमचे गोडेतेल सोडा. तेलाचा थर असला की पाणी सावकाश उडतं. बेसिन आणि कमोड यांनाही असंच पाण्याचं दार असतं, तिथेही पाणी सोडा.

जाळी उचलून आतही बघा. जुन्या ट्रॅपमध्ये जाळीखाली उपडी वाटी बसवलेली असते. केस अडकतात म्हणून साफसफाई करताना कोणीतरी ती काढतं आणि परत बसवत नाही. मग वरून कितीही पाणी ओता, दार उघडंच.

पाणी भरूनही आठवडाभरात वास परत आला तर वरच्यांनी फ्लश केल्यावर तुमच्या जाळीत गुडगुड होतं का ते ऐका. होत असेल तर पाणी उडत नाहीये, ओढलं जातंय. व्हेंट पाइप, म्हणजे लाइनीत हवा खेळती ठेवायला गच्चीपर्यंत नेलेला पाइप, तुंबलाय किंवा बंद केलाय. आमच्या ठाण्यात गच्चीवर पत्र्याची शेड घालताना मध्ये येतो म्हणून व्हेंट पाइप कापून वर टोपण ठोकलेलं मी कितीदा बघितलंय! शेड सोसायटीची, त्रास पाचव्या मजल्याला, आणि पैसे कमावतो पेस्ट कंट्रोलवाला.

किचनमध्ये बारकी, मानेमागे दोन काळ्या रेघा असलेली झुरळं निघाली तर मात्र गटाराला दोष देऊ नका. ती पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, वाणसामानातून येतात. त्यांच्यासाठी जेलचे ठिपके लावणारा पेस्ट कंट्रोलवाला बोलवा. मोठ्या लालसर झुरळांसाठी प्लंबर.

आता तुमची बाथरूम. केसाळ चिलटांच्या अळ्या पाण्यात नसतात. पाइपाच्या आतल्या भिंतीला साबण, केस, अंगाचा मळ यांचा जो बुळबुळीत थर बसतो, त्यात असतात. अंडी दोनेक दिवसांत फुटतात, अळी दीड-दोन आठवड्यांत मोठी होते. फवारा मारला की उडणारी मरतात, थरातली मजेत. म्हणून तुम्हाला थोडे दिवस बरं वाटलं. उकळतं पाणी त्या थरावरून नुसतं वाहून जातं. शिवाय पीव्हीसी पाइप 60 अंशांच्या वरच्या पाण्यासाठी बनवलेलाच नसतो. रोज उकळतं ओताल तर सांधे ढिले पडतील.

आणि अ‍ॅसिड तर आजच बंद करा. अ‍ॅसिड टाईल्सच्या सांध्यातलं पांढरं सिमेंट खातं. सांधे मोकळे झाले की अंघोळीचं पाणी खाली संकमध्ये, म्हणजे टाईल्सखालच्या भराव घातलेल्या खोलगट भागात, कोब्यात मुरतं. खालच्या काकूंचा डाग तिथून सुरू झालेला असू शकतो. अ‍ॅसिड आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र टाकू नका, विषारी क्लोरिन सुटतो. बंद बाथरूममध्ये जिवावर बेतेल.

लांब दांड्याचा गोल ब्रश आणा, जाळी काढून हात जाईल तिथपर्यंत घासा, केसांचा गोळा ओढून काढा. मग रात्री जाळीवर पारदर्शक चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली, कडेला थोडी हवा सुटेल अशी. सकाळी पट्टीवर चिलटं असतील तर ती जाळीतूनच येताहेत. सलग काही रात्री करा. पट्टी कोरडी आणि भिंतीवर मात्र चिलटं, असं झालं तर इथे लिहा.

प्राणिशास्त्रवाली
काकांच्या बोलण्यात एक भर घालते. (कॉलेजात शिकवते, सवय जात नाही.) चिलटं नीट बघा, सगळी एक जातीची नसतात. केसाळ, पंख छपरासारखे पसरलेली, दिवसभर एकाच जागी बसणारी ही मोरीतली माशी. दुसरी असते पाठीला कुबड असलेली, गुळगुळीत. तिला हाकललं तर ती लगेच उडत नाही, भिंतीवर तुरूतुरू वेडीवाकडी पळते. ती सडक्या, ओल्या घाणीत वाढते, जमिनीखाली सांडपाणी मुरलं असेल तर तिथेसुद्धा, आणि अगदी बारक्या फटीतून वर येते. ती दिसली तर जाळी घासून भागत नाही. लाल डोळ्यांची तिसरी माशी किचनमध्ये आंब्याच्या सालींवर घोंगावते, तिचा मोरीशी सहसा संबंध नसतो.

कळवा_तळमजला
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्याकडे पावसाळ्यात मोरीतून गांडुळं येतात आणि मागच्या चेंबरपाशी घुशीने बीळ केलंय. काय समजायचं?

नळकाका_ठाणे
तळमजल्यावर मोरीत गांडूळ आलं म्हणजे पाइपाला कुठेतरी माती लागलीय. सांधा निखळलाय किंवा चेंबरची भिंत फुटलीय. घूस तीच फट रुंद करते. आधी चेंबर उघडून आतलं प्लास्टर बघा, मगच बीळ बुजवा, नाहीतर घूस शेजारून नवं बीळ काढेल. तुमच्याकडे बिडाचा जुना पाइप असेल तर त्याच्या बुडाशी हात घालून बघा, खालून कुजलेला असतो. पावसाळ्यात त्या चेंबरपाशी अनवाणी जाऊ नका, लेप्टो (उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणारा ताप) होऊ शकतो. सोसायटीत सेप्टिक टँक असेल तर त्याच्या हवेच्या पाइपाच्या तोंडाला जाळी बांधा, संध्याकाळच्या निम्म्या डासांचं माहेर तिथे असतं.

स्मिता_नेरुळ
काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. सासूबाईंच्या बाथरूममध्ये पाणी-तेल टाकल्यापासून वास गेला, झुरळं दिसली नाहीत. आमच्या बाथरूममध्ये ब्रशने जे काही निघालं त्याचं वर्णन इथे करत नाही. केसाळ चिलटं खूपच कमी झालीत आणि पट्टीला आता काही चिकटत नाही. पण मॅडम म्हणतात तशी पळणारी माशी दिसतेय. कमोडच्या बुडाशी, जिथे पांढरं सिमेंट सुटलंय, तिथेच.

नळकाका_ठाणे
म्हणजे किड्यांनी जागा दाखवली. आता फोडण्याआधी खात्री करा. खालच्या काकूंना विचारा, थेंब चोवीस तास पडतो की तुमच्या अंघोळीनंतर? सतत पडत असेल तर भिंतीतली पाण्याची लाइन गळतेय, मोरीचा विषय नाही. अंघोळीनंतरच ओल वाढत असेल तर खायचे दोन रंग आणा. पहिल्या दिवशी जमीन कोरडी ठेवून फक्त जाळीत लाल पाणी ओता. दुसऱ्या दिवशी जाळीला बूच मारून जमिनीवर इंचभर हिरवं पाणी साठवून ठेवा, कमोडच्या बुडाशीसुद्धा. खाली कोणता रंग उतरतो ते काकूंनाच बघू दे, म्हणजे नंतर वाद नको.

स्मिता_नेरुळ
ओल अंघोळीनंतरच वाढते. लाल उतरला नाही, हिरवा उतरला. काकूंनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय. 😑

नळकाका_ठाणे
चांगलं झालं, पाइप शाबूत आहे. टाईल्स फोडायची घाई नको. टाईल्सचे सगळे सांधे खरवडून एपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारा सांधे भरायचा मसाला) भरून घ्या, कमोडचं बूड उकरून पुन्हा नीट बसवा, आणि ते वाळेपर्यंत सासूबाईंची बाथरूम वापरा. डक्टच्या (पाइप खाली नेणाऱ्या उघड्या बोळाच्या) बाजूच्या भिंतीत संकचं पाणी निघायला बोटभर पाइप ठेवलेला असतो, तो प्लास्टरमध्ये बुजलाय का बघा. मोकळा केलात तर आत साठलेलं पाणी तिथून निघेल आणि पळणाऱ्या माश्याही कमी होतील. एवढं करूनही हिरवा उतरला तर मग फोडणं आलंच.

खर्चाचं म्हणाल तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) घरातल्या संडास-बाथरूमची गळती सभासदाच्या खर्चाने आणि बाहेरच्या सामाईक लाइनची सोसायटीच्या खर्चाने. तेव्हा हे बिल तुमचंच. काकूंना एवढं सांगा, छत पूर्ण वाळल्याशिवाय रंग काढू नका, महिनाभरात फुगून पापुद्रे निघतील आणि पुन्हा नाव तुमचंच येईल.