मदत हवी आहे: आईचा थायरॉइड, साचलेलं डिजॉक्सिन आणि वाढलेलं क्रिएटिनिन

नमस्कार मंडळी. आईचं वय ७२, आम्ही गडहिंग्लजला असतो. ठोके अनियमित पडतात म्हणून दोन वर्षं ती डिजॉक्सिन, अमिओडॅरोन २०० मिलिग्रॅम आणि रक्त पातळ राहायला वॉरफरिन घेते.

दिवाळीनंतर तिची अन्नावरची वासनाच उडाली. सगळे म्हणाले, वय झालं. मग एका सकाळी कपातल्या दुधाकडे बघून ती म्हणाली, "यात हळद कशाला घातलीस गं?" दूध पांढरंशुभ्र होतं. नाडी मोजली तर ४४. तशीच उचलून दवाखान्यात नेली. रक्तातलं डिजॉक्सिन २.६ निघालं (एकच्या आत हवं म्हणाले), क्रिएटिनिन (हे वाढलं की मूत्रपिंड कमी काम करतंय असं समजायचं) १.१ वरून १.८ आणि टीएसएच (थायरॉइड मंदावला की हे वाढतं) ६४!

डॉक्टरांनी नीट समजावलं. अमिओडॅरोनच्या वजनात ३७ टक्के आयोडीन असतं. म्हणजे २०० च्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम, आणि शरीराला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम! त्यानं आईचा थायरॉइड मंदावला. तो मंदावला की मूत्रपिंडाकडे रक्त कमी जातं, गाळणी संथ होते. डिजॉक्सिन मुख्यतः लघवीवाटेच बाहेर पडतं, ते साचत गेलं, म्हणूनच दूध पिवळं दिसलं आणि नाडी उतरली. शिवाय अमिओडॅरोन स्वतःही डिजॉक्सिनची पातळी वाढवतं. डिजॉक्सिन आता बंद आहे. थायरॉक्सिन (थायरॉइडच्या हार्मोनची गोळी) १२.५ मायक्रोग्रॅमवर सुरू केलंय, हृदयाचा पेशंट म्हणून हळूहळू वाढवणार.

भाऊ "किडनी गेली" म्हणून हाय खाऊन बसलाय. डॉक्टर म्हणतात, थायरॉइड रुळावर आला की क्रिएटिनिनही उतरू शकतं. कुणाच्या घरी असं उतरलंय का? किती महिन्यांत?

मला जास्त धास्ती वॉरफरिनची आहे. थायरॉइड मंद असताना रक्त गोठवणारे घटक सावकाश झिजतात, म्हणून वॉरफरिन जास्त लागतं. थायरॉक्सिन लागू पडलं की तोच डोस जड होऊन रक्तस्राव होऊ शकतो. सध्या दर आठवड्याला आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) करतोय. थायरॉक्सिन वाढवल्यावर तुमच्याकडे वॉरफरिन किती कमी करावं लागलं?

आणि कॅल्शियमची गोळी थायरॉक्सिननंतर चार तासांनी द्यायची आहे. दिवसभराच्या गोळ्यांचं वेळापत्रक कुणी बसवलं असेल तर कृपया इथे टाका. डोस मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलणार नाही. आज नाडी ५८ आहे, सकाळी अर्धी भाकरी खाल्ली तिनं.