लिओ मकॅरी : तुमची गाठ कुठे पडली?

परवा टीव्हीवर 'बागबान' लागला होता. पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "हा तर आमचा 'ऊन पाऊस'!" राजा परांजप्यांचा, १९५४चा. मग शोधत शोधत आणखी मागे गेलो आणि १९३७च्या 'मेक वे फॉर टुमॉरो'पाशी पोचलो. दिग्दर्शक लिओ मकॅरी. हिचकॉक-वायल्डरवर आपण रात्री जागवतो, आणि या गृहस्थाचं नाव मी पन्नाशीत ऐकलं. तुमचे अनुभव लिहा.

*

आमची गाठ लॉरेल-हार्डीमुळे. भाड्याच्या कॅसेटवर 'लिबर्टी' (१९२९) बघताना धाकटा भाऊ हसून हसून खाटेवरून पडला होता. पँटींची अदलाबदल झालेले दोघं उंच इमारतीच्या सांगाड्यावर लटपटतात, तोच. निर्माता हॅल रोचकडे असताना या दोघांची जोडी जमवण्यात मकॅरीचा मोठा हात होता, हे कळायला तीस वर्षं गेली.

*

दादा, तुम्ही सांगितलात म्हणून काल 'मेक वे फॉर टुमॉरो' बघितला. सूनबाईंच्या घरी ब्रिजचा वर्ग भरलाय, आणि म्हाताऱ्या ल्यूसीला नवऱ्याचा फोन येतो. मुलांनी दोघांना वेगवेगळ्या घरी ठेवलंय. ती फोनमध्ये ओरडून बोलते. पत्ते हातात धरून बसलेली माणसं आधी वैतागतात, मग एकेकाची नजर खाली जाते. एवढ्या पैशात तुझ्यासाठी चांगला गरम मफलर आला असता, असं ती त्याला म्हणते.

माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर अशाच ओरडतात. माझी ऑफिसची मीटिंग चालू असली की मी दार लावून घेते. काल नाही लावलं.

ता. क. ल्यूसी झालेली ब्यूला बाँडी तेव्हा पन्नाशीचीही नव्हती!

*

आमिर-मनीषाच्या 'मन'ला कॉलेजात रुमाल भिजवला होता. तो 'अ‍ॅन अफेअर टू रिमेंबर'वरून (१९५७) घेतलेला. आणि तोही मकॅरीनं स्वतःच्याच १९३९च्या 'लव्ह अफेअर'वरून काढलेला. म्हणजे आपण उचलेगिरीची उचलेगिरी बघून रडलो.

*

थोडं विरजण घालतो. मकॅरीच्या 'गोइंग माय वे'ला ऑस्करं मिळाली, मला मात्र तो गुळमट वाटला. आणि १९४७ साली हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांची चौकशी झाली, तेव्हा हे महाशय सरकारच्या बाजूनं साक्ष द्यायला गेले होते. १९५२चा 'माय सन जॉन' तर प्रचारपटच. त्याच्याच, मार्क्स बंधूंच्या 'डक सूप'मधला आरशाचा प्रसंग मात्र शंभरदा बघेन.

*

काका, ते सगळं मान्य. पण 'मेक वे'चा शेवट गोड करा म्हणून पॅरामाउंट स्टुडिओ मागे लागला, तरी हा हटला नाही. सिनेमा पडला, पॅरामाउंटही सुटलं. त्याच वर्षीच्या 'द ऑफुल ट्रुथ'साठी ऑस्कर मिळालं, तर म्हणाला, आभार, पण चुकीच्या सिनेमासाठी दिलंत.

मी बाबांबरोबर बघितला. आई जाऊन वर्ष झालं होतं. हॉटेलात म्हातारा-म्हातारी नाचायला उभे राहतात, वाद्यं भलतीच जलद वाजायला लागतात, दोघं गोंधळून थांबतात. वाद्यवृंदाच्या प्रमुखाचं लक्ष जातं आणि तो सूर बदलून त्यांच्या जमान्यातला वॉल्ट्झ धरतो. बाबांनी तिथे रिमोट मागितला. वाटलं बंद करणार. मागे नेऊन तेवढंच पुन्हा लावलं.