ल्युपससाठी कार-टी : भारतात कुणी क्लिनिकल चाचणीत (ट्रायलमध्ये) गेलंय का?

इंदूरहून लिहितोय. भाची २६ वर्षांची, चार वर्षांपासून ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. आता किडनीवर आलाय, बायोप्सीत क्लास ४, म्हणजे गंभीर प्रकार. मायकोफेनोलेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे, पण स्टिरॉइड उतरवलं की लघवीतलं प्रोटीन परत चढतं. डॉक्टर रिटुक्सिमॅब म्हणताहेत, बी-पेशी कमी करणारं औषध. याच पेशी ल्युपसमध्ये शरीराविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात.

मध्येच ताईला कुणीतरी जर्मनीतल्या एर्लांगेनची बातमी पाठवली. मी शोधून वाचलं, बातमी खरी आहे. कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी (प्रतिकारशक्तीतल्या मारेकरी पेशी) काढून, त्यांच्यात बी-पेशी ओळखणारा जीन घालून परत सोडतात. जुन्या बी-पेशी साफ होतात, नंतर येणाऱ्या नव्या बहुधा शहाण्या निघतात. २०२४ मध्ये १५ जणांचे निकाल छापून आले. त्यात ल्युपसचे ८, आठांचीही औषधं सुटलेली. तेव्हापासून ताईनं सुदामा नगरचा प्लॉट विकायचं काढलंय.

पण विकून जायचं कुठे? आपल्याकडची नेक्सकार१९, आयआयटी मुंबई आणि टाटाची, तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली ती रक्ताच्या कॅन्सरसाठी. तिचाच खर्च ३०-४० लाखांच्या घरात. म्हणजे ल्युपसवाल्यांना चाचणीच. त्यात एका क्लिनिकचा फोन आला, ‘सेल थेरपी, तीन सिटिंग, सहा लाख’. कुणाच्या पेशी, विचारलं, तर म्हणे नाळेच्या! ताई तिथेही जायला तयार होती.

चाचणीत कुणी गेलं असेल तर सांगा, आत्ता रिटुक्सिमॅब घेतलं तर पुढे दार बंद होतं का? आणि भाचीचा प्रश्न, जो तिनं आईसमोर नाही, मला जिन्यात विचारला : पेशी सोडण्याआधी सायक्लोफॉस्फामाइड देतात, त्या केमोच्या औषधानं बीजांडांना धोका असतो, मग पुढे मूल?

उत्तर : दादा, रिटुक्सिमॅब थांबवू नका, किडनी वाट बघत नाही. चाचण्यांत बहुतेकदा ‘नेहमीच्या औषधांनी भागलं नाही’ अशीच अट असते. फक्त शेवटच्या डोसनंतर ठरावीक काळ जावा लागतो. सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या साइटवर ल्युपस टाकून शोधा, फुकट आहे. फोनवाल्यांना तिथला नोंदणी नंबर मागा, फोन आपोआप बंद होतील. मुलाचं मात्र स्त्रीरोगतज्ज्ञाला आधीच विचारा, बीजांडं गोठवून ठेवायची तर ती औषधाआधीच. आमच्याकडे हे उशिरा कळलं.

धागाकर्ता : आभारी आहे. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. प्लॉट विकायचं थांबव, हे ताईला अजून सांगितलं नाही.