गिटार वाजवून डावं मनगट दुखतंय, काय करू?

उनाडसूर:
नमस्कार. तीन वर्षं अकूस्टिक गिटार शिकतेय. रोज पाऊण तास वाजवायचे, कधीच त्रास नव्हता. दोन महिन्यांवर कार्यक्रम आलाय म्हणून तीन आठवड्यांपूर्वी एकदम अडीच-तीन तासांवर गेले. आता डाव्या मनगटात अंगठ्याच्या बाजूला कळ येते, 'एफ'चा बार कॉर्ड (तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या) धरला की जास्तच. कालपासून बाटलीचं झाकण फिरवतानाही दुखतंय. मलम चोळलं की तासभर बरं वाटतं, वाजवायला बसले की परत तेच. मनगटाला पट्टा बांधून वाजवू का? कार्यक्रम सोडायची इच्छा नाही. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

सहावी_तार:
ताई, मलम चोळून वाजवायला बसू नका. मी नेमकं तेच केलं होतं. दुखणं दबतं, त्यामुळे हात कुठे थांबायला सांगतोय ते कळतच नाही. वेळीच थांबलो असतो तर थोडक्यात निभावलं असतं, पण पुढे चार महिने गिटार बंद ठेवावी लागली.

आता मूळ कारणाकडे. तुमचा वेळ तिपटीहून वाढलाय, हे एक. दुसरं बहुतेक अंगठ्यात असणार. बार कॉर्ड नीट वाजत नाही म्हणून आपण अंगठा नेकच्या (गिटारच्या दांडीच्या) मागे रुतवतो आणि चिमटा काढल्यासारखा धरतो. एक करून पाहा, पण कळ ओसरल्यावरच. एकच तार बोटाने नुसती टेकवा, ती खरखरेल. मग दाब अगदी हळूहळू वाढवत न्या आणि सूर स्वच्छ झाला की तिथेच थांबा. बोट फ्रेटच्या (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) अगदी मागे, चिकटून हवं. किती कमी जोर पुरतो हे पाहून मी थक्क झालो होतो. नंतर अंगठा नेकपासून किंचित सुटा करून 'एफ' धरा आणि दाब दंडाच्या वजनाने, कोपर मागे ओढून येऊ द्या. उजव्या हाताने गिटारचं अंग छातीशी धरून ठेवायचं, म्हणजे नेक हलत नाही.

शिवाय बाजूने मोबाईलवर चित्रीकरण करा. मनगट काटकोनात मुडपलेलं दिसलं तर नेक वर उचला. डाव्या पायाखाली छोटं स्टूल घेऊन गिटार डाव्या मांडीवर घेतली की मनगट बरंच सरळ होतं. तारा जाड असतील तर एक गेज (जाडीचं माप) हलक्या लावा, किंवा सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. सूर तोच राहतो, बोटांना हलकं जातं.

हस्तमुद्रा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे बसून निदान करता येणार नाही, पण दुखण्याची जागा बरंच सांगते. अंगठ्याच्या मुळाशी दोन कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) एका अरुंद आवरणातून सरकतात. तिथे घर्षण वाढून सूज आली की वस्तू उचलताना, झाकण पिळताना कळ येते. याला डी क्वेर्वेनचा आजार म्हणतात. तुमचं वर्णन त्याच्या जवळ जातं. अंगठा मुठीत घेऊन मनगट वाकवायची चाचणी घरी पुन्हा पुन्हा करू नका, चांगल्या हातालाही ती दुखते.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील आणि रात्री हात झटकत जाग येत असेल, तर तो मनगटातल्या मध्यवर्ती नसेवरचा दाब असू शकतो. करंगळीत बधिरपणा असेल तर बहुधा कोपराकडची नस बघावी लागते. यातलं काहीही असेल, पकड सैल पडत असेल किंवा विश्रांतीनंतरही आठवडा-दोन आठवड्यांत उतार नसेल, तर हाताच्या डॉक्टरांना दाखवाच.

पट्टा बांधून वाजवू नका. मनगट अडलं की तोच ताण बोटं आणि कोपर घेतात. विश्रांतीत, विशेषतः रात्री, अंगठ्यालाही आधार देणारा पट्टा उपयोगी पडतो, पण तो मापाचा हवा.

काळीपांढरी:
मी पियानोवाली. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानचा उजवा हात ऐन विशीत बिघडला, पियानोवादक व्हायचं राहून गेलं. बोटं बळकट करायला त्याने एक यंत्रही वापरलं होतं. कृपया जोर लावून दुखण्यावर मात करायला जाऊ नका.
हात बंद असताना मी स्वरलिपी समोर ठेवून डोळे मिटून प्रत्येक बोट मनात हलवत असे. परतले तेव्हा पाठांतर पक्कं होतं.

उनाडसूर:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुंग्या नाहीत, पण सोमवारी डॉक्टरांना दाखवतेय. वाजवणं आजपासून बंद. मात्र परवाच्या सरावाचं चित्रीकरण मोबाईलमध्ये होतं ते पाहिलं. सहावी_तार दादा, 'एफ' धरताना अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं स्पष्ट दिसतंय!

सहावी_तार:
मग मूळ सापडलं. डॉक्टरांनी परवानगी दिली की दहा मिनिटं वाजवा, तेवढीच विश्रांती घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा आहे ते बघूनच वेळ वाढवा. कार्यक्रमातला 'एफ' बारीक चार तारांवर छोटा धरलात तरी चालेल. पूर्ण बार लागत नाही त्याला.